काळ आणि वेळ

मरणाच्या दाढेतून वाचलेल्या माणसाबद्दल मराठीत एक वाक्य सहज बोललं जातं: काळ आला होता, पण वेळ आली नव्हती. बोलणारा हे दैवाच्या कौतुकाने बोलतो आणि ऐकणारा मान डोलावतो. पण या वाक्यात दोन शब्द आहेत आणि ते एकमेकांपासून वेगळे ठेवलेले आहेत. काळ म्हणजे संकटाचं जवळ येऊन उभं राहणं, वेळ म्हणजे त्याचा नेमका क्षण. दोन्ही एकच असते तर हे वाक्य जन्मालाच आलं नसतं. पालघर जिल्ह्याच्या डहाणू आणि तलासरी तालुक्यांत नोव्हेंबर २०१८ पासून जमीन हादरू लागली, तेव्हापासून तिथला प्रत्येक माणूस या दोन शब्दांच्या मधल्या जागेत राहिला आहे. त्या जागेत माणसाने कसं राहावं, हा प्रश्न भूगर्भशास्त्राचा आहेच. माझ्या मते त्याहून अधिक तो श्रद्धेचा आणि धर्माचा आहे, आणि आपण तो त्या अंगाने नीट विचारलेला नाही.

आधी जे घडलं ते. धुंदलवाडी, दापचरी, हळदपाडा, धानिवरी या परिसरात आधी गूढ आवाज आणि मग हादरे सुरू झाले. बहुतेक धक्के इतके लहान की शहरात कुणाच्या ध्यानातही आले नसते. पण त्यांचं उगमस्थान फार खोल नव्हतं. त्यामुळे पायाखाली सुरुंग फुटल्यासारखा आवाज व्हायचा, भांडी वाजायची, भिंतींना तडे जायचे. १ फेब्रुवारी २०१९ रोजी एकाच दिवसात अनेक धक्के बसले, त्यांतला मोठा ४.१ रिश्टरचा होता. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने परिसरात भूकंपमापक यंत्रं बसवली आणि पुढच्या काळात हजारो धक्क्यांची नोंद झाली. शास्त्रज्ञांनी याला भूकंपांची मालिका म्हटलं, म्हणजे एक मोठा धक्का आणि मागून त्याचे पडसाद असा क्रम नसलेलं, थव्यासारखं येणारं कंपन. पावसाचं पाणी खडकांच्या भेगांतून खोल मुरतं, तिथला दाब वाढवतं आणि आधीच ताणलेल्या भेगा सरकतात, असं एक कारण संशोधकांनी मांडलं. प्रशासनाने तंबू उभारले, घरात झोपू नका असं सांगितलं, शाळांत सराव घेतले, काही ठिकाणी वर्ग उघड्यावर भरले. लोक थंडीत लेकरांना कवटाळून अंगणात झोपले. काही जण तंबूत गेले, काही चार दिवसांनी परत घरात आले, काही गेलेच नाहीत. सूचना एकच होती. तिला मिळालेली उत्तरं अनेक होती.

ज्वालामुखीच्या देशांत या बाबतीत एक सोय असते. डोंगर धुमसू लागला की इशाऱ्याची पातळी वाढवली जाते, हिरव्याचं पिवळं, पिवळ्याचं नारिंगी होतं, इतक्या किलोमीटरच्या आत कुणी जायचं नाही अशी रेघ आखली जाते. धूर दिसतो, राख पडते, डोंगर फुगतो. डहाणू-तलासरीची जमीनही एके काळी लाव्हाच होती, दख्खनचा हा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहून थिजलेला आहे; पण आज तिथे डोळ्यांना दिसेल असा धुमसणारा डोंगर नाही आणि रेघ आखावी असं एकच तोंड नाही. संकट पायाखाली सगळीकडे आणि डोळ्यांसमोर कुठेच नाही. म्हणून लोकांनी विचारलेला प्रश्न अगदी रास्त होता: मोठा भूकंप येणार आहे की नाही, ते एकदाचं सांगा. आणि शास्त्र ते सांगू शकत नव्हतं. यात कामचुकारपणा नव्हता. महाराष्ट्राचाच इतिहास पाहा. कोयनेत १९६२ मध्ये धरणात पाणी साठू लागल्यापासून लहान धक्के जाणवू लागले आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे मोठा भूकंप झाला, पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली. किल्लारीत १९९२ च्या उत्तरार्धात जमीन हादरत होती, लोक घाबरले होते, मग हादरे थांबले, आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास, गणपती बोळवून माणसं गाढ झोपली असताना, सुमारे दहा हजार जीव ढिगाऱ्याखाली गेले. पण पालघरशेजारच्या ठाणे जिल्ह्यात भातसा धरणाच्या परिसरात १९८३ मध्ये अशीच कंपनं सुरू झाली, ती वाढली, आणि पुढे कोयना-किल्लारीसारखा संहार न घडता ओसरली. तिन्ही ठिकाणी सुरुवात सारखीच दिसत होती. शेवट वेगळे झाले. भूकंपशास्त्राची प्रामाणिक सीमा इथे आहे: काळ सांगता येतो, वेळ सांगता येत नाही. आपल्या म्हणीने ज्या ठिकाणी दोन शब्द वापरले, नेमकं त्याच ठिकाणी शास्त्रही थांबतं.

या अनिश्चिततेला माणसं दोन प्रकारे उत्तर देतात आणि दोन्ही उत्तरं विरुद्ध टोकांची वाटतात. एक म्हणतो, तारीख सांगा, नाहीतर तुमचं शास्त्र खोटं. दुसरा म्हणतो, जे व्हायचं ते होणार, देव ठेवील तसं राहावं. पहिला स्वतःला विज्ञाननिष्ठ समजतो, दुसरा भाविक. मला मात्र दोघांची मुळं एकाच मातीत दिसतात. दोघांनाही भविष्य आधीच लिहून झालेलं हवं आहे, एकाला यंत्राच्या कागदावर, दुसऱ्याला सटवीने कपाळावर. लिहून झालं असेल तर आपल्याला काही करायचं उरत नाही, फक्त वाचायचं किंवा सोसायचं. माझं म्हणणं असं आहे की सावधपण हे या दोघांपेक्षा वेगळं, तिसरं काही आहे, आणि ते श्रद्धेच्या विरोधात तर नाहीच, उलट श्रद्धेने माणसावर टाकलेलं काम आहे.

यावर पहिला आक्षेप धर्माच्या नावानेच येतो. भूकंप हा कोप आहे, पापाचं फळ आहे, मग तंबू आणि सराव कशाला, शांती करा, क्षमा मागा. हा विचार अडाण्यांचा म्हणून झटकून टाकणं सोपं आहे, पण प्रामाणिकपणाचं नाही, कारण पापाच्या फळाची ही कल्पना गांधीजींनीही मांडली होती. १५ जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपानंतर, हा अस्पृश्यतेच्या पापाचा दंड आहे, असं ते म्हणाले. रवींद्रनाथांनी गांधीजींवरचं प्रेम जराही कमी न करता त्याला जाहीर विरोध केला, आणि गांधीजींनी तो विरोध आपल्याच ‘हरिजन’मध्ये छापला. निसर्गाच्या घटनेला नैतिक निवाड्याशी बांधू नका, हा रवींद्रनाथांचा मुद्दा होता. मला तो पूर्णपणे पटतो. अस्पृश्यता पाळणारे आणि तिचा चटका सोसणारे, दोघेही त्या भूकंपात सापडले. हा कसला न्याय? फेब्रुवारी २०१९ मध्ये हळदपाड्यात धक्क्याच्या भीतीने घराबाहेर धावताना एक दोन वर्षांची मुलगी पडून दगावली. तिच्या मृत्यूला कुणाच्या पापाचा हिशोब जोडायचा? जो धर्म हा हिशोब मांडतो तो देवाला न्यायी ठरवायला जातो आणि क्रूर ठरवून बसतो. पण गांधीजींच्या बोलण्यात एक गोष्ट खरी होती आणि ती टाकून देऊ नये. संकटाने माणसाला स्वतःकडे पाहायला लावलं पाहिजे, ही त्यांची तळमळ होती. चूक पाहण्यात नव्हती, कुठे पाहायचं यात होती.

ती दिशा दीडशेहून अधिक वर्षं आधी दुसऱ्या एका वादात सापडलेली होती. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना पोर्तुगालचं लिस्बन शहर भूकंपाने, मग समुद्राच्या लाटेने आणि आगीने उद्ध्वस्त झालं. फ्रेंच लेखक व्होल्तेरने दुःखाने विचारलं, हे चांगल्या देवाचं जग कसं? विचारवंत रूसोने त्याला पत्रातून दिलेलं उत्तर अजून ताजं आहे. सहा-सात मजल्यांची वीस हजार घरं तिथे दाटीवाटीने काही निसर्गाने बांधली नव्हती, असं त्याचं म्हणणं होतं. देवावरच्या प्रश्नाचं त्याने भिंतींवरच्या प्रश्नात रूपांतर केलं. किल्लारीतही माणसांना जमिनीने मारलं नाही; मातीच्या गाऱ्यात रचलेल्या जाड दगडी भिंतींनी आणि वरच्या मातीच्या जड माळवदाने मारलं. तो भाग तेव्हाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात रंगवलेला होता. म्हणजे पाप शोधायचंच असेल तर ते इथे शोधावं, बांधणीत, नकाशात, आणि १९९२ चे हादरे थांबल्यावर सुटलेल्या निःश्वासात.

दैव मानणाऱ्याने हे कसं स्वीकारावं? आपल्या परंपरेत याचं उत्तर फार मोकळेपणाने दिलेलं आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. भाष्यकार अधिष्ठानाचा अर्थ देह असा करतात; शब्दाचा साधा अर्थ आधार, ठिकाण. दैव या यादीत आहे, पण पाचवं आहे. चार कारणं आधी येतात आणि ती माणसाच्या आवाक्यातली आहेत. योगवासिष्ठ तर आणखी पुढे जातो. दैव म्हणजे आधीचंच पौरुष, वेगळं काही नाही, असं तो बजावतो. समर्थ रामदासांनी दासबोधात हरिकथेनंतर राजकारण आणि त्यानंतर सर्व बाबतींतलं सावधपण अशी क्रमवारी लावली आणि सावधपणाला हरिकथेच्या पंगतीला बसवलं. ज्याला दैवावर सगळं सोपवायचं आहे त्याने या ग्रंथांचा आधार घेऊ नये. ते ग्रंथ त्याला आधार देत नाहीत.

ग्रंथांपेक्षाही जवळचा पुरावा त्याच गावांत आहे. वारली माणूस जमिनीला धरतरी म्हणतो, धान्याला कणसरी आणि गाईला गावतरी. या त्याच्या माता आहेत. तो वाघदेवालाही पूजतो, वेशीजवळ वाघाची आकृती कोरलेली फळी किंवा दगड असतो, वाघबारशीला त्याला मान दिला जातो. पण वाघदेवाला नमस्कार केला म्हणून कुठल्या गुराख्याने गुरं रात्री रानात मोकळी सोडली आहेत? नमस्कार करायचा आणि गोठ्याचं दारही लावायचं, यात त्याला कधी विरोध वाटला नाही. नमस्कार हा वाघाच्या सामर्थ्याचा मान होता आणि दार लावणं हाही त्याच सामर्थ्याचा मान होता. धरतरी हलली तर तिच्याशी असंच वागता येतं. भगताकडे जाणं, नारळ-कोंबडं देणं, डहाणूच्या महालक्ष्मीला चैत्रात साकडं घालणं, यांतून भेदरलेल्या माणसाला सोबत मिळते. ती सोबत कुठलीही सरकारी सूचना देऊ शकत नाही, आणि ती त्याच्याकडून हिरावून घेण्याचा अधिकार कुणालाही नाही. मागणं इतकंच की नमस्कारानंतर दारही लावलं जावं.

नशिबाच्या गोष्टीबद्दल आणखी एक आठवण या तालुक्यांना करून देण्याची गरज नाही, बाहेरच्यांना आहे. लग्नासाठी घेतलेल्या चार पैशांपायी वारली नवरा-बायको जन्मभर सावकाराच्या दारी राबत, त्याला लग्नगडी म्हणत. वेठ होती, मार होता, आणि हे सगळं कपाळावर लिहिलेलं आहे असं शिकवलं जात होतं. २३ मे १९४५ रोजी तलासरीतल्या झरी गावी हजारो वारली जमले, गोदावरी परुळेकरांसारखे किसान सभेचे कार्यकर्ते सोबत होते, आणि वेठ करायची नाही असं ठरलं. कपाळावरचं लिखाण मुळात सावकाराच्या वहीतलं होतं, हे त्या दिवशी उघड झालं. ज्या मुलखाने नशीब हा शब्द एकदा इतक्या धैर्याने तपासून पाहिला आहे, त्याला भूकंपाच्या वेळी ‘हे लोक दैववादी आहेत, ऐकत नाहीत’ असं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. सूचना न पाळणाऱ्याला बहुतेक वेळा दुसरं काहीतरी अडवत असतं.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे आणि जास्त वजनदार आहे. इशारा दिला, माणसं थंडीत कुडकुडली, आणि मोठा भूकंप आलाच नाही. लांडगा आला रे म्हणून किती वेळा ओरडायचं? या प्रश्नाला जगाने दोन्ही बाजूंनी किंमत मोजली आहे. १९७६ मध्ये कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादलूप बेटावर ला सुफ्रिएर ज्वालामुखी जागा होतोय म्हणून सत्तर हजारांवर लोकांना महिनोन्‌महिने घराबाहेर ठेवलं गेलं. मोठा उद्रेक झाला नाही, आणि शास्त्रज्ञांवर टीकेची झोड उठली. १३ नोव्हेंबर १९८५ च्या रात्री कोलंबियात नेवादो देल रुईझचा उद्रेक झाला, बर्फ वितळून चिखलाचा लोंढा आला आणि आर्मेरो गाव गाडलं गेलं. सुमारे तेवीस हजार माणसं गेली. धोक्याचा नकाशा महिनाभर आधी तयार होता. खोट्या इशाऱ्याची हानी खरी असते: मजुरी बुडते, मुलं आजारी पडतात, विश्वास झिजतो. पण दोन्ही चुका एकाच तराजूत घालता येत नाहीत, कारण पहिल्या चुकीतून माणसं घरी परत येतात.

त्याहून मोठं म्हणजे, इशाऱ्याला भाकीत समजणं हीच मुळातली गफलत आहे. भात कापणीला आला की शेतात माळा बांधून रात्रभर राखण करतात. ज्या रात्री रानडुकरं आली नाहीत ती राखण वाया गेली, असं कुठला शेतकरी म्हणतो? राखण ही डुकराच्या येण्याबद्दलचं भविष्य नसते. पीक उभं आहे आणि रान जवळ आहे, या दोन गोष्टींना दिलेलं ते उत्तर असतं. भूकंपाचा इशाराही असाच वाचायला हवा. आणि तो देणाऱ्यांनीही तसाच द्यायला हवा. इटलीतल्या लाक्विला शहरात २००९ साली महिनोन्‌महिने लहान धक्के बसत होते. तिथल्या जुन्या रिवाजाप्रमाणे धक्का बसला की लोक घराबाहेर रात्र काढत. मार्चअखेर तज्ज्ञांची बैठक झाली आणि एका अधिकाऱ्याने दिलासा दिला की लहान धक्क्यांतून ऊर्जा बाहेर पडते आहे, काळजी नको. सहा दिवसांत, ६ एप्रिलला, भूकंप झाला आणि ३०९ जण मरण पावले, त्यांत दिलाशामुळे घरात थांबलेलेही होते. पुढे खटला चालला, २०१२ मध्ये शिक्षा झाल्या, अपिलात शास्त्रज्ञ सुटले आणि त्या एका अधिकाऱ्याची शिक्षा कमी होऊन टिकली. भाकीत करता आलं नाही म्हणून त्यांना दोष देणं चूक होतं, हे मला मान्य आहे. पण तो दिलासा मात्र सदोष होता. रिश्टर मापावर एक अंक वाढला की ऊर्जा सुमारे बत्तीस पट होते. तीन मापाचे सुमारे बत्तीस हजार धक्के मिळून सहाच्या एका धक्क्याइतकी ऊर्जा होते. लहान धक्क्यांनी मोठा टळतो हे सांत्वन गणितात बसत नाही. लोकांना शांत करायचं म्हणून खोटी खात्री देणं हे मला मोठं पाप वाटतं, कारण ते दुसऱ्याच्या जिवावर केलेलं असतं.

तिसऱ्या आक्षेपाला मात्र माझ्याकडे अर्धंच उत्तर आहे, आणि ते अर्धंच राहील. सावधपण हे पोट भरलेल्यांचं आहे, असा तो आक्षेप. भातकापणी संपली की या भागातली कुटुंबं वीटभट्ट्यांवर आणि गुजरातच्या सीमेपलीकडे कामाला जातात. ज्याला उद्याचा दिवस निश्चित उपाशी जाण्याची भीती आहे त्याला कदाचित येणाऱ्या भूकंपाची भीती कशी परवडावी? हे खरं आहे. म्हणूनच सावधपणाचा भार त्याच्या डोक्यावर ठेवून चालणार नाही. धर्माचा हिशोब इथे ऐपतीप्रमाणे बदलतो. ज्याच्याकडे फक्त झोपायची जागा बदलण्याइतकी सत्ता आहे त्याने तेवढं करावं. ज्याच्याकडे शाळा बांधण्याची, घरकुलाचा आराखडा मंजूर करण्याची, गवंड्याला शिकवण्याची सत्ता आहे, त्याच्यावर तेवढं मोठं ओझं. जुलै २०१९ मध्ये भर पावसाळ्यात रात्रीच्या धक्क्याने डहाणू तालुक्यात घर कोसळून एक जण दगावला. तो धक्का चारपेक्षाही कमी मापाचा होता. इतक्या लहान धक्क्याने घर पडतं, तेव्हा प्रश्न धरतरीला विचारायचा नसतो. कारवीच्या कुडाचं, लाकडी मेढींवर उभं असलेलं वारली घर हलकं असतं, वाकतं, आणि पडलं तरी माणसाला चिरडत नाही. आसामात १८९७ च्या महाभूकंपानंतर अशाच हलक्या, बोरूच्या भिंतींची घरं रूढ झाली. आपण मात्र कुडाला गरिबीची खूण ठरवलं आणि त्या जागी खांब-पट्टे नसलेली, नुसत्या विटा रचलेली पक्की घरं दिली. पक्कं या शब्दाने आपली फसवणूक केली आहे. विटांच्या भिंतीत खिडकी-दारांच्या वरून सलग फिरणारा काँक्रीटचा पट्टा घातला आणि कोपऱ्यांत उभ्या सळया दिल्या तर तेच घर तग धरतं. त्याचा खर्च घराच्या मानाने थोडा असतो.

आणि भीती? हळदपाड्याची ती मुलगी कोसळलेल्या घराखाली सापडली नव्हती, पळण्याच्या घाईत गेली. भीती वाढवून सावधपण येत नाही, हे तिच्या जाण्याने शिकवलं. धक्का बसताच आंधळेपणाने धावायचं नाही, मजबूत आधाराखाली किंवा मोकळ्या जागेत थांबायचं, लेकरू कुणी उचलायचं हे आधी ठरवून ठेवायचं. हे शरीराला सवयीने शिकवावं लागतं, जसे देवापुढे हात आपोआप जोडले जातात. सवय झालेल्या माणसाला भीती वाटते, पण ती त्याला पळवत नाही.

कुडाचं घर एकदा बांधून विसरता येत नाही. दरवर्षी पावसाआधीच्या आठवड्यात कुजलेली कारवी बदलतात, मेढींची बुडं तपासतात, माती-शेणाने भिंत लिंपतात, कौलं चाळतात. पाणी मुरल्यानंतर हादरे वाढतात हे संशोधकांचं म्हणणं खरं असेल, तर सावधपणाच्या कामाला याहून योग्य आठवडा दुसरा नाही. त्याच आठवड्यात छपरावर दाबायला ठेवलेले दगड उतरवता येतील, उशाशी असलेली जड कणगी पलीकडच्या भिंतीला नेता येईल, आणि मुलांची अंथरुणं दाराजवळ सरकवता येतील.